आण्णा, अराज्यवाद आणि आमची डीपी

अराज्यवाद हा शब्द आमच्या घरात मी आणला. एमएच्या पहिल्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत जालन्याच्या होस्टेलवरून निघून वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरले, तेव्हा पिशवीत फराळापेक्षा पुस्तकं जास्त होती. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे जे काही शिकून येईन ते घरात सगळ्यांना समजावून सांगणं मला कर्तव्यच वाटायचं. यांनी आपल्याला शिकवलं, तर शिकलेलं थोडं यांच्याही वाट्याला यावं, असा माझा सरळ हिशोब. आदल्या सुट्टीत मी न्यायमंडळ समजावलं होतं. माय त्यात बसल्या बसल्या झोपली होती आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, मध्येच बैलाला पाणी दाखवायला उठून गेले होते.

या वेळी आण्णा उठले नाहीत. मी सांगितलं की वर बसून हुकूम सोडणारं कोणीच नको, माणसं आपसांत ठरवून नीट राहू शकतात, असं मानणारे विचारवंत जगात होऊन गेले. राज्य ही गोष्ट त्यांना गरजेची वाटत नाही. आण्णांनी सुपारी कातरायची थांबवली.

"हे लोक शेती करत व्हते का?" त्यांनी विचारलं.

काही जण करत असतील, असं मी म्हणाले.

"मंग एका डीपीवर किती जण व्हते त्यांच्यात?"

मी पुस्तकाची अनुक्रमणिका चाळून पाहिली.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. डीपी म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या खांबाखालची पेटी. एका डीपीवर आसपासच्या दहा-बारा शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी चालतात. चालू झाल्यावर त्या गुण्यागोविंदाने चालतात. खरी गंमत चालू होतानाची आहे. शेतीची लाईट दिवसातून काही तासच येते; ती आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या तर पेटीतला फ्यूज उडतो, आणि फारच झालं तर डीपीच जळते. मग नवी मिळेपर्यंत सगळ्यांचा गहू वाळत बसतो. पूर्वी प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो बसवलेला असायचा. मालक घरी झोपला तरी लाईट आली की मोटार आपली आपण चालू. सगळ्यांचेच ऑटो, त्यामुळे डीपी वरचेवर जळायची. आण्णांनी एका वर्षी घरोघर फिरून, कोणाला गोडीने, कोणाला दम देऊन, ते ऑटो काढायला लावले. तेव्हापासून डीपी त्यांची झाली.

कागदावर नव्हे, पण झाली. लाईट यायच्या वेळेला आण्णा डीपीजवळच्या लिंबाखाली जाऊन उभे राहत. आधी स्वतःची मोटार चालू करून येत, मग एकेकाला हाळी देत. ज्याला हाळी मिळाली त्याने बटण दाबायचं, बाकीच्यांनी गप बसायचं. फ्यूज उडाला तर पेटी उघडून तार टाकायची तीही आण्णांनीच. लाईनमनचा पत्ता लोकांना माहीतच नव्हता म्हणा ना. माझी फी, होस्टेल, वह्या सगळं याच डीपीवरच्या मोसंबीवर निघालं, म्हणून मला त्या खांबाबद्दल देवळाच्या कळसाइतका आदर होता.

पण मायला नव्हता. त्या दिवाळीच्या आधीच्याच पावसाळ्यात, ओल्या पेटीत तार टाकताना, आण्णांना झटका बसला होता. ते उडून शेजारच्या कपाशीत पडले. नशीब, कपाशी दाट होती. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला अजून बधिरपणा होता आणि सुपारी कातरताना तो दिसायचा. तेव्हापासून लाईट गेली-आली की माय हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायची. आण्णांना तिने किती वेळा विनवलं असेल. आण्णांचं उत्तर ठरलेलं होतं: मी सोडलं तर दोन दिवसांत डीपी जळंल, या लोकांना डोक्यावर कोणीतरी लागतंच.

म्हणजे आमच्या घरात केंद्रीय सत्तेचा पुरस्कर्ता आधीपासून बसलेला होता आणि मी त्याच्यासमोर पुस्तक उघडलं होतं.

वाद दोन दिवस चालला. आण्णा म्हणायचे, कळपाला राखण्या लागतो. मी म्हणायचे, माणसं काही शेळ्या नाहीत. आण्णा म्हणायचे, शेळ्या बऱ्या, त्या ऑटो बसवत न्हाईत. ओढ्यापलीकडच्या मळ्यातले तात्या, ज्यांचा दिवस आमच्या ओट्यावर आल्याशिवाय उगवत नाही, ते दोन्ही बाजूंना माना डोलवत चहा पीत होते. मला प्राथमिक शाळेत शिकवलेले गुरुजी, ज्यांची याच डीपीवर थोडी शेती आहे, सकाळची बुद्धवंदना आटोपून मुद्दाम वाद ऐकायला आले. मी बोलताना अडले की ते "पुढं" एवढंच म्हणायचे, दुसरीच्या वर्गात म्हणायचे तसं. मत विचारल्यावर म्हणाले, दोघंही चुकता आहात, पण बोला, ऐकायला बरं वाटतंय.

शेवटी माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"मला तुमचं राज्य बी नको आन अराज्य बी नको," ती म्हणाली. "मला माणूस धड पाहिजे. लेक म्हणती लोक आपले आपण करतेत. मंग करू द्या. आठ दिवस तुम्ही बाजूला व्हा. डीपी जळली तं मी जन्मात बोलणार न्हाई. न्हाई जळली तं त्या पेटीला हात लावायचा न्हाई, माह्या गळ्याची आण."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. तात्यांनी आण्णांकडे पाहिलं. नाही म्हणायची सोयच राहिली नव्हती. नाही म्हटलं असतं तर आपलाच आपल्या म्हणण्यावर विश्वास नाही असं झालं असतं. आण्णा म्हणाले, मंजूर. वर म्हणाले, आठ कशाला, तीन दिवस बी लई झाले.

ते गावात राहिले असते तर लिंबाखाली गेलेच असते, म्हणून मायने त्यांना भोकरदनकडे, पिंपळगाव रेणुकाईला आत्याकडे पाठवलं. तेवढंच बहिणीकडं राहणं होईल, आणि रेणुकेचं दर्शनही. आमची मोटार तेवढे दिवस माझा चुलतभाऊ बघणार होता. निघताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, की लाईट आली का लांब उभी राह्य.

पहिल्या दिवशी लाईट आली आणि काय व्हायचं ते झालं. आण्णा नाहीत म्हटल्यावर प्रत्येकाला वाटलं, आता हाळी कोण देणार, आपण लवकर उरकून घ्यावं. सगळ्यांनी एकाच वेळी बटण दाबलं. शिवारभर एक मोठा हुंकार उठला आणि लगेच शांत झाला. फ्यूज गेला होता. पेटीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. तात्यांनी कोणाकडून तरी लाईनमनचा नंबर मिळवला. तो उन्हं कलल्यावर मोटरसायकलवरून आला, फोनवरून लाईन बंद करून घेतली, हातमोजे घातले आणि तार टाकली. जाताना म्हणाला, आण्णा कुठं गेले? बरे आहेत ना? इतकी वर्षं या डीपीवरून आपल्याला कोणाचाच फोन कसा आला नाही, याचं त्यालाही नवल वाटत होतं.

माझ्या चुलतभावाला वाटलं की काळ बदलला आहे, तोडगा मोबाईलवर निघेल. त्याने व्हॉट्सॲपवर 'डीपी मित्रमंडळ' नावाचा ग्रुप काढला. पहिला प्रश्न ॲडमिन कोण, हा पडला. मी मोठ्या आनंदाने सुचवलं की सगळ्यांनाच ॲडमिन करावं, कोणी वर नको, कोणी खाली नको. मला ते फार सुंदर वाटलं होतं. घटकाभराने एकाने दुसऱ्याच्या बांधावरून जुनी कुरबूर काढली, दुसऱ्याने त्याला ग्रुपमधून काढलं, पहिल्याच्या मुलाने बापाला परत घेतलं आणि दुसऱ्याला काढलं. दिवस मावळेपर्यंत ग्रुपमध्ये मी, चुलतभाऊ आणि सुप्रभातचे फोटो पाठवणारे तात्या एवढेच उरलो. गुरुजी आपण होऊन बाहेर पडले होते. जाताना त्यांनी नमस्काराची खूण टाकली होती.

दुसरा दिवस त्याहून मजेशीर गेला. लाईट आली, मी ओट्यावरून कान लावून बसले, आणि एकही मोटार चालू झाली नाही. काल फ्यूज उडाल्यावर प्रत्येकाने बाकीच्यांना नावं ठेवली होती. त्यामुळे आज पहिलं बटण दाबून बोल लावून घ्यायला कोणीच तयार नव्हतं. आधी त्यांनी करू द्या, मग आपण. बारा मोटारींचे मालक बारा विहिरींवर स्टार्टरसमोर उभे, आणि शिवार असं गप की झाडावरच्या साळुंख्यांची भांडणं ऐकू यावीत. लाईट तशीच निघून गेली. आण्णांचं भाकीत दंगा होईल असं होतं. माझं, सहकार्य होईल असं. ही जी अदब झाली ती दोघांच्याही पुस्तकात नव्हती.

त्या दोन्ही दिवशी आण्णांचे फोन येत होते. मायने बजावलं होतं की डीपीबद्दल अवाक्षर सांगायचं नाही. ते विचारायचे, कुत्रं जेवलं का, गाय कशी आहे, तात्या काय म्हणून राह्यले, आणि मग अगदी सहज, शिवारातून मोटारीचा आवाज येतो का गं? मी म्हणायचे, आण्णा, आत्या कशी आहे?

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या अंगणात सगळे जमले. तात्यांचं म्हणणं पडलं, आण्णांना बोलवून घ्या, कशाला पोरीच्या नादी लागता. एक जण म्हणाला, ज्याचं पीक जास्त तहानलेलं त्याने आधी करावं. त्यावर प्रत्येकाचंच पीक मरायला टेकलं. चुलतभावाने चिठ्ठ्या सुचवल्या. मी उभी राहून परस्पर सहकार्यावर थोडं बोलले. लोकांनी आदराने ऐकलं आणि मी बसल्यावर परत भांडायला लागले.

निघालं ते असं निघालं. कोणी ठरवलं, हे मला आजही सांगता येत नाही, कारण तीन-चार जण एकदमच बोलत होते. शेजाऱ्याच्या मोटारीचा आवाज प्रत्येकाला ओळखू येतो. कोणाची घरघरते, कोणाची शिट्टी मारते, तात्यांची तर म्हाताऱ्यासारखी खाकरून मग चालू होते. तर ओढ्याच्या दोन्ही कडांनी जशा विहिरी आहेत तसा क्रम धरायचा. शेजाऱ्याची मोटार चालू झाली, आवाज बसला, म्हणजे एकसारखा झाला, की आपण बटण दाबायचं. शेजारी गावाला गेला असेल तर त्याने आदल्या दिवशी पुढच्याला सांगून जायचं. आज जो पहिला तो उद्या शेवटचा, म्हणजे रोज एकेक जण पुढे सरकणार. आणि ज्याने क्रम मोडला तो दुसऱ्या दिवशी आपोआप सगळ्यांच्या मागे. हाळी नाही, लिंब नाही, ॲडमिन नाही.

मी गुरुजींना हळूच म्हणाले, हाच अराज्यवाद. गुरुजी म्हणाले, हा कायदा आहे, सगळ्यांनी मिळून केलेला. तात्या म्हणाले, ही बारी आहे, पाण्याची पाळी, मोटेच्या काळापासून चालत आली. पण चहा आला, म्हणून वाद तिथेच राहिला.

आणि ते चाललं. त्याच दिवशी आवाज एकामागून एक असे चढत गेले की माय हातात लाटणं घेऊन बाहेर आली आणि शेवटच्या मोटारीचा आवाज बसेपर्यंत तशीच उभी राहिली. एक-दोनदा घोटाळा झाला. एकाने शेजाऱ्याची मोटार समजून रस्त्यावरच्या ट्रॅक्टरच्या आवाजावर बटण दाबलं. पण फ्यूज टिकला. डीपी आठ दिवस टिकली.

नवव्या दिवशी आण्णा सकाळच्या एसटीने आले. खांद्यावरची पिशवी न उतरवता त्यांनी आधी गच्चीवर जाऊन डीपीचा खांब पाहिला. तो होता तिथेच होता. त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं ते कळेना. खाली येऊन ते पाणी प्यायले आणि त्यांनी चौकशी सुरू केली. क्रम कोणी लावला? मी म्हणाले, सगळ्यांनी. तसं नसतं, ते म्हणाले, कोणीतरी एक असतोच. मग ते तात्यांकडे गेले. तात्यांनी गुरुजींचं नाव सांगितलं, गुरुजींनी तात्यांचं. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. आण्णा परत आले. जेवताना मायला एवढंच म्हणाले, तुझं ठरलं तसं, पेटी सोडली. मायने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, ती त्यांनी मागितली नव्हती.

त्या दिवशी आमची पाळी चौथी होती. मी ते आण्णांना सांगितलं होतं, आणि त्यांनी मान हलवली होती. लाईट आली. आण्णा विहिरीवर गेले आणि इतक्या वर्षांची सवय, सरळ जाऊन त्यांनी बटण दाबलं. त्याच वेळी ओढ्यापलीकडे तात्यांनी दाबलं, त्यांची पाळी पहिली होती. दुसऱ्याने आमच्या मोटारीचा आवाज पहिल्याचा समजून दाबलं. तिसरा आणि पाचवा दोघांनीही आपापल्या शेजारचं काहीतरी ऐकलं. डीपीच्या पेटीत फट् असा आवाज झाला आणि शिवार गप झालं.

मी आणि माय धावत गेलो. आमच्या आधी आण्णा डीपीपाशी पोहोचले होते. लोक बांधांवरून येत होते. आण्णांचा एक हात पेटीच्या कडीवर होता.

मी आयुष्यात सत्तेबद्दल पुष्कळ वाचलं आहे. पण कोणी ती सोडतानाचा क्षण इतक्या जवळून एकदाच पाहिला. ते पाच मिनिटांत तार टाकू शकले असते. लोकांनी शाबासकीच दिली असती, आणि उद्यापासून लिंबाखालची जागा पुन्हा त्यांची झाली असती. माय सगळ्यांच्या मागे थांबली होती, धापा टाकत. तिने हाक मारली नाही. तिने हाक मारली असती तर मग ते तिच्या हुकमावरून झालं असतं.

आण्णांनी कडीवरचा हात काढला. तो बधिर अंगठा त्यांनी धोतराला पुसला, काही लागलेलं नसताना. मग मला म्हणाले, "त्या लाईनमनचा नंबर हाय का कोणाकडं? मी बोलतो."

फोनवर ते खास आपल्या आवाजात बोलले, हाळीच्या. मी आण्णा बोलून राह्यलो, फ्यूज गेला, माह्यानंच गेला, जल्दी या. फोन ठेवल्यावर सगळे हसले, आणि मग तेही हसले.

लाईनमन येईपर्यंत लिंबाखाली बसून पुन्हा तोच वाद निघाला. आण्णांचा जोर परत आला होता. ते म्हणाले, बघ, लाईन बंद करायला शेवटी वरचाच माणूस लागला ना? तुझ्या लोकांनी आपसांत ठरवून करंट थांबवून दाखवावा. मला हे मान्य करावं लागलं. करंटच्या बाबतीत ज्याला त्यातलं कळतं आणि ज्याच्याकडे हातमोजे आहेत तो एकच असावा, असं माझं तेव्हापासून मत आहे, आणि आता ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना मी ते प्रामाणिकपणे सांगते. पण मी म्हणाले, आण्णा, तो वरचा माणूस हाळी तर देत नाही, बोलावलं की येतो आणि काम करून जातो. आण्णा म्हणाले, म्हणून तर तो सरकारी आहे. गुरुजी म्हणाले, पुढं.

लाईनमन आला. आण्णा पेटीपासून चांगले दहा हात लांब उभे राहिले आणि तिथूनच त्याला तार कशी पिळायची ते सांगत राहिले. तो हो, हो म्हणत आपल्या पद्धतीने करत होता. माय तोवर घरी निघून गेली होती, स्वयंपाक अर्धा टाकून आली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे आण्णांची पाळी सगळ्यांच्या शेवटी लागली. कोणी त्यांना तसं सांगायला आलं नाही. लाईट आल्यावर ते स्टार्टरपाशी दगडावर बसले आणि कान देऊन ऐकू लागले. एकेक मोटार चढत गेली. त्यांना कोणती कोणाची ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मोजताना बोटं आपोआप मिटत होती. शेवटी फक्त काल पहिले असलेल्या तात्यांची राहिली, आणि ती काही चालू होईना. पलीकडच्या बांधावर तात्या दिसत होते, निवांत तंबाखू मळत.

"तात्या," आण्णा ओरडले, "उरक की राजा, लाईट जाईल."

"आता आपल्याला कोणी सांगायचं न्हाई, आण्णा," तात्यांनी तिकडून उत्तर दिलं. "आपला आपण करणार हाय. तंबाखू झाली का करतो."

आण्णा माझ्याकडे वळले. मग ते परत दगडावर बसले आणि तात्यांची तंबाखू होईपर्यंत वाट पाहिली. पलीकडे मोटार एकदा खाकरली, दुसऱ्यांदा खाकरली, चालू झाली. आवाज पुरता बसू दिल्यावर आण्णांनी हिरवं बटण दाबलं, आणि आमच्या मोसंबीला पाणी सुटलं.